सायोचा हात

डोळा लागतो न लागतो तोच दाराबाहेर कुणीतरी चपला काढल्याचा आवाज येतो.

उज्ज्वला तांबवेकरला तो ऐकू येतो, पण ती उठत नाही. मे महिन्यातली दुपार आहे. पडदे ओढलेले आहेत, पंखा गरम वाराच खाली ढकलतो आहे. दिवाणावर पाठ टेकून पाच-सात मिनिटं झाली असतील. अंग झोपेच्या पलीकडे गेलंय, डोकं अजून अलीकडेच आहे, आणि त्या डोक्यात मघापासून एकच शब्द घोळतोय. सुटला.

तो शब्द तिनंच टाईप केलाय, जेवायला बसण्याआधी.

उज्ज्वला पुण्यात जपानी शिकवते, त्याला तीस वर्षं होऊन गेली. गेली सहा वर्षं ती दर सुट्टीत जपानमधल्या एका बंदराच्या गावी जाऊन राहते आणि युद्धाच्या काळात जी लहान होती अशा माणसांना बोलतं करते. अकरा म्हातारी माणसं तिच्याशी बोलली. कुणी रेशनच्या रताळ्यांबद्दल, कुणी शाळेच्या मैदानात खणलेल्या खंदकांबद्दल, कुणी बॉम्ब पडले त्या पहाटेबद्दल. त्यांचं मराठी पुस्तक तयार झालंय. आज संध्याकाळपर्यंत शेवटची प्रुफं पाठवली की उद्या छपाई सुरू. पुस्तकाशी जुळणारं जपानी टिपण त्या गावच्या वाचनालयात ठेवलं जाणार आहे.

या अकरांतल्या एक कियो हामासाकी. त्या पहाटे अकरा वर्षांच्या होत्या. वडील आरमारात, आई कारखान्यात रात्रपाळीला. घर पेटलं तेव्हा चार वर्षांच्या धाकट्या बहिणीला, सायोला, हाताला धरून त्या कालव्याकडे पळाल्या. कालव्यापाशी पोचल्या त्या एकट्याच. पुढे सायो कुणालाच सापडली नाही. हे त्यांनी आईला सांगितलं, मग नवऱ्याला, मग मुलीला, आणि म्हातारपणी गावातल्या शाळांमधून दर जुलैत मुलांना. प्रत्येक वेळी वाक्य तेच: "ते गा हानारेता." हात सुटला.

फक्त शेवटच्या बैठकीत, मागच्या उन्हाळ्यात, वाक्य बदललं. कियो-सान नेहमीसारख्या सांगत होत्या, आणि त्या ठिकाणी येऊन म्हणाल्या, "ते ओ हानाशिता."

हात सोडला.

शेजारी बसलेली त्यांची मुलगी नोरिको पटकन म्हणाली, "आई, हानारेता." कियो-सानांनी तिच्याकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला, आणि पुढचं सांगायला लागल्या. थंडीत न्युमोनियानं त्या गेल्या.

आज बाराच्या सुमाराला नोरिकोचा फोन आला होता. साठीच्या पुढची, शाळेतून निवृत्त झालेली, शब्द तोलून बोलणारी बाई. उज्ज्वलाला ती 'सेन्सेई' म्हणते, म्हणजे शिक्षिका. ती रडत नव्हती. म्हणाली, "आईचं वय झालं होतं, सेन्सेई. शब्द इकडचा तिकडे झाला. सगळा जन्म ती जे म्हणत आली तेच राहू द्या. गावातली माणसं वाचतील. माझी नातवंडं वाचतील. माझी एवढीच विनंती आहे."

"बघते," उज्ज्वला म्हणाली. मग तिनं 'सोडला'मधली दोन अक्षरं पुसली आणि तिथं दुसरी दोन घातली. एवढंसं काम. म्हाताऱ्या बाईवर दया केली, मुलीचा मान राखला, कुणाचं काही बिघडलं नाही. तरी जेवण गेलं नाही, आणि ती येऊन आडवी झाली.

बाहेर पुन्हा आवाज होतो. कुणीतरी चपला काढून त्या नीट लावतंय.

ती उठते, दार उघडते. दाराबाहेर कियो हामासाकी पाठमोऱ्या वाकून आपले बूट जुळवताहेत, टोकं जिन्याकडे करून. अंगावर तो तपकिरी लोकरीचा स्वेटर, भर मे महिन्यात. सावकाश सरळ होतात, वळतात, कमरेत लवून नमस्कार करतात.

"आत येऊ का, सेन्सेई? तुमच्याकडे ऊन फार असतं म्हणाला होतात, ते खरंच आहे."

या बाई वारल्या आहेत हे उज्ज्वलाला पक्कं ठाऊक आहे. पण दारात आलेल्या माणसाला ते तोंडावर कसं सांगायचं? ती म्हणते, "या ना. बसा. लांबून आलात."

"फार लांब नाही," कियो-सान म्हणतात.

मग तिच्या लक्षात येतं, त्या मराठी बोलताहेत. आणि परकं मराठी नव्हे. कृष्णाकाठचं, कऱ्हाडकडचं, उज्ज्वलाच्या आईच्या तोंडचं. पुस्तकात तिनं त्यांना जी भाषा दिली तीच. त्यांच्या ओठांची हालचाल मात्र त्या शब्दांशी जुळत नाही. ओठ जरा मागून येतात.

कियो-सान खुर्चीच्या अगदी कडेला बसतात. पाणी मागतात. उज्ज्वला तांब्याभांडं आणून देते. त्या भांडं दोन्ही हातांनी धरून पितात, घटाघट, गळा वरखाली होताना दिसतो. खाली ठेवतात तेव्हा भांडं काठोकाठ भरलेलं असतं. त्या पुन्हा उचलतात, पुन्हा पितात. पुन्हा तेवढंच.

"राहू दे," त्या म्हणतात. "सवय आहे. तुम्ही वाचून दाखवा."

"काय?"

"माझं बोलणं. लिहिलंत ना?"

प्रुफं उज्ज्वलाच्या मांडीवर आहेत. ती कधी आणली, तिला आठवत नाही. ती वाचायला लागते. शेजारणीनं दार ठोठावलं ते. कापूस भरलेली टोपडी, आगीपासून डोकं वाचवायला शिवलेली, दोघींनी चढवली ते. सायोच्या पायात मोठ्या बहिणीचे बूट होते ते. ती वाचते, पण तिचा आवाज तिला ऐकू येत नाही. प्रत्येक ओळ तिच्याआधी अर्धा क्षण समोरच्या खुर्चीतून येते. तिला पान उलटायचंही सुचत नाही, तरी पान उलटलेलं असतं.

"पुलाजवळ धूर एवढा होता," ती वाचते, "की मला तिचं तोंड दिसेना. आणि तिथं हात सुटला."

समोरून काही येत नाही. ही एवढी ओळ तिच्या एकटीच्या आवाजात खोलीत पडून राहते.

"हे कुणाचं बोलणं?" कियो-सान विचारतात.

"तुमचंच, कियो-सान. किती वर्षं तुम्ही हेच..."

"शेवटी काय म्हणाले मी?"

"नोरिको-सान म्हणाल्या, की तुमच्या बोलण्यात चूक..."

"नोरिको तिथं नव्हती," कियो-सान म्हणतात. रागानं नाही. एखाद्या मुलाची बेरीज तपासून सांगावं तसं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठतात. "चला. पाच मिनिटांचं काम आहे."

उज्ज्वलाचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोघी जिना उतरायला लागतात. पहिला मजला येतो, कुणाच्या तरी दाराशी दुधाची पिशवी लटकतेय. मग पुन्हा पहिला मजला येतो, तीच पिशवी. मग पुन्हा. चौथ्या वेळी पिशवी नसते आणि दारही नसतं. पायऱ्या रुंद होतात, दगडी होतात, मधोमध झिजलेल्या. हा कऱ्हाडचा घाट आहे. लहानपणी रोज संध्याकाळी ती इथं यायची. पण खाली नदी नाही, अरुंद कालवा आहे, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, आणि सगळ्या घरांच्या खिडक्या आतून उजळलेल्या आहेत. फार उजळलेल्या.

आवाज कसलाच नाही. तिला वाटतं, कानात पाणी गेलंय.

घाटावरून माणसं उतरताहेत. सगळ्यांच्या डोक्यांवर ती कापसाची जाड टोपडी, त्यामुळे तोंडं दिसत नाहीत. कुणी गादी ओढतंय, कुणी शिवणयंत्र. कुणी कुणाला धक्का देत नाही, कुणी थांबत नाही. एका बाईच्या टोपड्याला कडेनं बारीक लाल रेघ सरकत चालली आहे, उदबत्तीच्या टोकासारखी. ती बाई तशीच चालते आहे.

"कियो-सान, त्यांचं डोकं..."

"त्यांना माहीत आहे," कियो-सान पुढून म्हणतात.

त्या आता भराभर चालताहेत. पाठीचा बाक गेला आहे. स्वेटर ढगळ होत होत गुडघ्यांपर्यंत आला आहे आणि पाठीवर दोन आखूड वेण्या उडताहेत. उज्ज्वला धापा टाकत मागून जाते. ती पोर वळते. तोंड अकरा वर्षांच्या मुलीचं, आवाज मात्र नव्वदीकडे झुकलेला.

"सेन्सेई, हिला धरा जरा."

आणि उज्ज्वलाच्या डाव्या हातात एक हात येतो.

लहानसा हात. घामट, गरम, जरा चिकट, पोरांचे असतात तसा. खाली टोपडं दिसतं, त्याखाली मोठाले बूट. बूट चालताना फटफट वाजत असणार, पण आवाज नाही. ऐकू येतो फक्त एक बारीक शब्द, अगदी कानाशी आल्यासारखा.

"ताई."

"हां बाळा," उज्ज्वला म्हणते. "मी आहे. चल."

ती चालायला लागते. कालवा जवळच दिसतो आहे, फार तर शंभर पावलं. तिला धीर येतो. ती मोठी बाई आहे, अठ्ठावन्न वर्षांची, शहाणी. अकरा वर्षांच्या पोरीला जमलं नसेल, तिला जमेल. ती सायोला उचलायला वाकते. उचलता येत नाही. भिजलेल्या गादीसारखी पोर जमिनीला धरून बसली आहे. "चल बाळा, चल ना." पोर दोन पावलं टाकते, अडखळते. एक बूट मागे राहतो. पोर बुटासाठी मागे ओढते.

"राहू दे तो बूट!"

"ताई, हळू."

झळ येते. आधी तोंडावर, मग पाठीवर, मग श्वासात. आता दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमधून उजेड बाहेर वाकून बघतो आहे. उज्ज्वलाच्या गाऊनच्या बाहीला काहीतरी चावतं. ती बघते, बाहीवर लाल रेघ सरकतेय. समोर कालव्याचं काळं पाणी आहे, वीस पावलं, पंधरा पावलं. माणसं त्यात उतरताहेत, एकही थेंब न उडवता. आणि तो हात मागे ओढतो आहे, मागे, मागे.

मग ती पाण्यात कमरेपर्यंत उभी असते. थंडगार वाटतं. इतकं बरं तिला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

डावा हात रिकामा आहे.

"सुटला!" ती ओरडते. "कियो-सान, हात सुटला हो! गर्दीत सुटला! मला कळलंच नाही!"

काठावरच्या पायरीवर कियो-सान बसल्या आहेत. पुन्हा म्हाताऱ्या, तपकिरी स्वेटरमधल्या, पाय पाण्यात सोडून. त्या तिच्याकडे बघतात. अकराव्या वर्षापासून त्या जे बघत आल्या असतील तेच त्या आता तिच्या चेहऱ्यावर बघत असाव्यात, तसं बघतात.

"सुटला का?" त्या विचारतात.

गर्दी नव्हती. उज्ज्वलाला आठवतं. कुणी धक्का दिला नव्हता. ती थांबली होती. थांबून, वाकून, उजव्या हातानं तिनं ती बोटं उलगडली होती. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. एकेक बोट काढावं तसं पहिलं पुन्हा येऊन धरत होतं. असं लवकर सुटेना म्हणून तिनं शेवटी हिसडा दिला होता.

पाणी एकदम बर्फासारखं लागतं.

"मोठ्यानं म्हणा," कियो-सान म्हणतात. "इथं कुणी ऐकायला नाही."

"सोडला," उज्ज्वला म्हणते. दात वाजताहेत. "मी सोडला."

कियो-सान मान हलवतात. वरच्या खिडक्या एकेक करून विझतात. विझताना प्रत्येक खिडकीत क्षणभर घराचं आतलं दिसतं: चादर, चहाची किटली, भिंतीवरचं कॅलेंडर.

"तो एक शब्द बोलायला मला सत्त्याहत्तर वर्षं लागली, सेन्सेई."

"नोरिको-सानांना फार लागेल ते. तुमची नातवंडं, पतवंडं वाचतील."

"लागू दे. त्यांना माझी लाज वाटली तरी चालेल." त्या पाण्यातले पाय हलवतात, पाणी हलत नाही. "तुम्हाला मराठीतही दोन वेगळे शब्द आहेत ना? मग कळेल तुम्हाला. हात सुटला म्हणजे काय? धरणाऱ्यानं घट्ट धरला नव्हता. शाळेतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, आजी, तुमच्या बहिणीनं नीट का नाही हो धरलं? मी म्हटलं, लहान होती ती. पोरं म्हणाली, बिचारी. मी पण म्हटलं, बिचारी. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही."

त्या उज्ज्वलाकडे वळतात. आता ओठ आणि शब्द बरोबर जुळताहेत.

"चार वर्षांच्या पोरीवर मी आळ घालत आले. आईपाशी, नवऱ्यापाशी, सगळ्या गावापाशी. तिनं घट्ट धरला होता, सेन्सेई. एवढंच लिहा. माझं काय लिहायचं ते लिहा, पण तिनं अगदी घट्ट धरला होता."

"लिहिते," उज्ज्वला म्हणते. "कियो-सान, ती... सायो आता तुमच्याजवळ आहे का?"

हे विचारायला नको होतं, हे विचारता विचारताच तिला कळतं. कियो-सान हसतात, जपानी माणूस नाही म्हणायचं टाळताना हसतो तसं. मग उठतात, घाटाच्या पायऱ्या चढायला लागतात, आणि त्यांच्या मागे ओल्या पावलांचे ठसे उमटत जातात. उज्ज्वला ते मोजत नाही, पण तिला दिसतं: प्रत्येक पायरीवर ठसे फक्त मोठ्या पावलांचे आहेत.

तिला हाक मारायची असते. तोंड उघडलं की त्यात पाणी येतं.

पंख्याचा आवाज येतो. मग खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेतंय, त्याची पिकपिक. उज्ज्वला दिवाणावर आहे, मान अवघडलेली, गाऊन घामानं अंगाला चिकटलेला. घड्याळात पावणेपाच झाले आहेत. खोलीत तिच्याशिवाय कुणी नाही. ती उठून बसते. मुंग्या आल्यासारखा जड झालेला डावा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर घेते.

हाताच्या पाठीवर चार खुणा आहेत. नखांच्या, चंद्रकोरीसारख्या, खोल रुतलेल्या. एकीच्या कडेला रक्त वर येऊन थांबलंय. पाचवी अंगठ्याच्या मुळाशी.

झोपेत आपणच रोवली असतील, असं म्हणून ती उजव्या हाताची नखं त्यांच्यावर टेकवून बघते. करंगळीचंही नख मोठं पडतं. आणि चारी खुणांमधलं अंतर एवढं कमी आहे की तिची दोनच बोटं त्यात मावतात.

ती उठते. मग टेबलापाशी जाते, प्रुफं उघडते, ते पान काढते. दोन अक्षरं पुसते, दोन घालते. पुढे एक वाक्य जोडते, जे ध्वनिमुद्रणात कुठंही नाही. तीस वर्षांत तिनं असं कधी केलेलं नाही. ती त्या वाक्याकडे बघते, पण खोडत नाही. फक्त त्याखाली तळटीप घालते की हे नंतर सांगितलेलं आहे.

मग ती फोन लावते. तिकडे रात्रीचं जेवण झालेलं असणार. नोरिको लगेच उचलते, जणू फोनपाशीच बसली होती.

"नोरिको-सान, माफ करा. मी 'सोडला' असंच ठेवते आहे. तुमच्या आई तसंच म्हणाल्या होत्या."

लांबवर कुठंतरी भांडी विसळल्याचा आवाज.

"आणि आणखी एक. सायोनं हात घट्ट धरला होता. अगदी घट्ट. सुटण्यासारखा नव्हताच. हे लिहायला त्यांनी मला सांगितलंय."

नोरिकोचा श्वास ऐकू येतो. मग ती हळूच, जवळजवळ लहान मुलीसारखं विचारते, "असं आई म्हणाली? कधी?"

उज्ज्वला डाव्या हाताकडे बघते. खुणा अजून भरून आलेल्या नाहीत.

"आज," ती म्हणते.